आतड्यांना अहो-जाहो

औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत आमच्या मॅडमसोबत जायचं म्हणजे तास-दीड तास गेलाच म्हणून समजा. भाजी घ्यायला पाच मिनिटं, बाकीचा वेळ पिशव्यांत. भाजीवाल्याकडं त्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा असतो बघा, ज्यातली एक उघडायला तो बोटाला थुंकी लावतो, फुंकर मारतो, चोळतो, तरी तिचं तोंड काही सापडत नाही. मॅडम तो गठ्ठाच त्याच्या हातून काढून घ्यायच्या. "दे इकडं. आणि थुंकी नको लावू रे बाबा, ओल्यानं जास्तच चिकटतं." मग भर रस्त्यात, पर्स माझ्या खांद्याला अडकवून, एकेक पिशवी दोन चिमटींत धरायच्या आणि हलकेच सरकवायच्या. टच्च. उघडली. पुढची. टच्च. तीस-चाळीस पिशव्या उघडून दिल्याशिवाय बाई तिथून हलायच्या नाहीत. एकदा एका भाजीवाल्यानं त्यांना गठ्ठ्याकडं झेपावताना बघितलं, त्याला वाटलं महानगरपालिकेची धाड आली, आणि त्यानं सगळा गठ्ठा मेथीखाली दडवला. मॅडमनी मेथी बाजूला केली, गठ्ठा बाहेर काढला आणि तोही उघडून दिला. तो बिचारा हात जोडून उभा.

चिकटलेलं बघवायचंच नाही त्यांना. सफरचंदावरचं स्टिकर असो, डब्यात वाफेनं एकीवर एक बसलेल्या पोळ्या असोत, नाहीतर नव्या वहीची पानं असोत. समोर दिसलं की बोटं शिवशिवलीच. पाकीट तर त्यांनी जन्मात कधी फाडलं नसेल. ऑपरेशनच्या चाकूची एक जुनी मूठ टेबलावर असायची, ती डिंकाच्या सांध्यातून अशी फिरवायच्या की पाकीट परत वापरता यावं. आणि खरंच परत वापरायच्या! माझ्या लग्नाची पत्रिका ज्या पाकिटातून त्यांना गेली, त्याच पाकिटातून दोन वर्षांनी मला त्यांचं नव्या वर्षाचं कार्ड आलं. माझ्याच अक्षरातलं त्यांचं नाव खोडून खाली माझं लिहिलेलं.

मॅडम बायकांच्या सर्जन. जालना रोडच्या आत एका गल्लीत आमचं छोटंसं हॉस्पिटल, तिथं मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. ऑपरेशनला त्यांच्यासमोर उभं राहून अवजारं हातात देणारी सिस्टर, ती मी. आता त्यांनी काम थांबवलंय, नाशिकला मुलीकडं असतात. फोनवर नातवंडांच्या तक्रारी सांगतात. पोरं स्टिकर जिथं तिथं लावतात म्हणे.

हा चिकटण्याचा राग काही उगाच नव्हता, त्याला कारण होतं. माणसाचं पोट एकदा उघडलं की आतल्या जखमा भरताना शेजाऱ्याला धरून भरतात. गर्भाशय आतड्याला चिकटतं, आतडं पोटाच्या भिंतीला, बीजनळी भलतीकडंच. बाहेरून टाके सुरेख, आणि आत बाईला वर्षानुवर्षं कळ, नाहीतर आतड्याला पीळ, नाहीतर मूलच राहत नाही. अशा बाईचं दुसऱ्यांदा पोट उघडलं की मॅडम पाच मिनिटं नुसत्या बघत राहायच्या. मग मास्कमधून आवाज यायचा, "हे कुणीतरी मॅच बघायला पळालेलं दिसतंय." किंवा क्वचित कधी, "ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे गं. कोण होता विचारून ठेव." असं चांगलं निघालं की त्या दिवशी सगळ्यांना चहा.

माझा पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. बिडकीनहून बसनं आलेली मी, नवी कोरी. मॅडमनी पोट उघडलं, हात आत घातला आणि एकदम लाघवी आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा सरकता का? हां, अशा. थोडा त्रास देते, माफ करा हं." मी दचकून दाराकडं बघितलं. म्हटलं कोण मोठं माणूस आत आलं? भूल देणारे सर डोक्याकडच्या स्टुलावर बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, इकडं तिकडं नका बघू. आतड्यांशी बोलतायत त्या."

आतड्यांना अहो-जाहो! आणि आम्हाला सगळ्यांना अरे-तुरे. भूलवाले सर मॅडमपेक्षा पाच वर्षांनी मोठे, केस पांढरे झालेले, त्यांना "ए भूलवाल्या" म्हणून हाक. हॉस्पिटलचे मालकसुद्धा "तू काय सांगतो रे मला" यात मोडायचे. मी एकदा धीर करून विचारलं, मॅडम, असं का? तर म्हणाल्या, "तुम्हाला ओरडले तर तुम्ही घरी जाऊन मला शिव्या द्याल आणि विसराल. आतडी नाही विसरत. ओढलं, घासलं, उघड्यावर सुकू दिलं की रुसतात आणि जाऊन कुणाला तरी धरून बसतात. त्यांच्याशी अदबीनंच वागायला पाहिजे." मी पण हळूहळू "अहो" म्हणायला लागले. एकदा घरी कढईतल्या भाजीला "जरा सरका" म्हणाले, तर नवराच बाजूला सरकला.

नुसत्या अदबीनं भागत नाही म्हणून एक फिल्म असते. आम्ही तिला कागदच म्हणायचो. पतंगाच्या कागदाइतकी पातळ, जवळपास आरपार दिसणारी. आतल्या टाक्यांवर ती अंथरायची. दिवस-दोन दिवसांत तिचं जेलीसारखं होतं, आठवडाभर ती दोन जखमांना एकमेकींना भेटू देत नाही, मग अंगातच विरघळून जाते. तेवढ्या वेळात प्रत्येक जखम आपापलं नवं अस्तर धरते आणि चिकटायची गरजच उरत नाही. ऐकायला किती सोपं! पण त्या कागदाचा स्वभाव असा खट्याळ की काय सांगू. कोरडा असला तर जरा वाकडा धरला की कडकन मोडणार. ओला झाला तर जे पहिलं लागेल त्याला मिठी मारणार, मग काही केल्या सोडणार नाही. ग्लोव्हला चिकटला की खेळ खल्लास.

म्हणून मॅडमचा नियम होता, आतडी ओली आणि हात कोरडे. कागद बाहेर काढायच्या आधी त्या नवे ग्लोव्ह घालायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "हात कोरडे?" खोलीतल्या प्रत्येकानं उत्तर द्यायचं. मी, मदतीला असलेला डॉक्टर, दाराशी पोछा घेऊन उभ्या मावशी, सगळ्यांनी. ज्यांचा कागदाशी दुरूनही संबंध नाही ते भूलवाले सर स्टुलावरून म्हणायचे, "कोरडे, मेरी माँ, कोरडे." एखाद्याचा आवाज आला नाही की परत सुरुवात.

पहिल्या महिन्यात मी व्हायची ती चूक केलीच. चिमटा मिठाच्या पाण्यातून काढला, पुसायचा राहिला, आणि त्यानंच कागद उचलला. बघता बघता त्याची गुंडाळी झाली, गुंडाळीची गोळी झाली. मला रडायलाच आलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ऑपरेशन संपल्यावर मला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट शहागंजात नेलं, मिठाईवाल्याकडं. तिथं चांदीचा वर्ख मागितला, तोही बर्फीवर लावतात तसा एखादा नाही, वहीच्या वही. मिठाईवाला चक्रावला. "डॉक्टरनी, इत्ता वरक किसकू?" मॅडम म्हणाल्या, "सिस्टराँ को सिखाने कू होना." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पदर सावरून दुसरीकडं बघायला लागले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या ड्युटीरूममध्ये काय थाट! उकडलेली अंडी सोलायची, मिठाच्या पाण्यात बुडवायची, आणि कोरड्या हातानं, कागदावरून न चुरगाळता वर्ख त्या ओल्या अंड्यावर उतरवायचा. एक जरी सुरकुती पडली तरी दुसरं अंडं. वर्खाला बोट लागलं की बोटच चांदीचं. मॅडम येता-जाता डोकावायच्या, "घाई नको. त्याला वाटलं पाहिजे की तो स्वतःहून बसला." पंधराव्या दिवशी माझं अंडं गुळगुळीत, लखलखीत चमकलं, तेव्हा त्यांनी ते बशीत ठेवून अख्ख्या हॉस्पिटलभर फिरवलं आणि मग मलाच खायला लावलं. मी इतकी चांदीची अंडी खाल्लीत की कुठल्या नबाबाच्या बेगमेनं खाल्ली नसतील.

पण त्या कागदाचं कौतुक फार केलेलंही त्यांना खपायचं नाही. एकदा एक तरुण डॉक्टर म्हणाला, मॅडम, आता फिल्म आहे म्हटल्यावर एवढं जपून कशाला करायचं? त्याला तिथंच थांबवलं. "कागद नंतर, हात आधी. तू आत धसमुसळेपणा केलास तर वर चादर अंथरून उपयोग नाही." दोन दिवस तो मॅडमचे हात बघत होता. तिसऱ्या दिवशी आतड्यांना अहो म्हणाला.

मग माझीच पाळी आली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पोटात दुखायचं, अंगावरून लई जायचं. सोनोग्राफीत गर्भाशयाला तीन गाठी निघाल्या. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढून टाका, कटकटच मिटेल. दोन दिवस मी तो रिपोर्ट पर्समध्येच घेऊन फिरले. पाचोडला सासूबाईंना काय सांगू, नवऱ्याला काय सांगू? तिसऱ्या दिवशी अवजारं धुता धुता मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला.

"कुणी सांगितलं काढायची म्हणून?"

मी नाव सांगितलं.

"त्याची काढ म्हणावं काय काढायचंय ते. तुझ्या फक्त गाठी निघतील. मूल पाहिजे ना तुला?"

"लई पाहिजे मॅडम," मी म्हणाले आणि तिथंच रडले.

त्यांनी रडू दिलं. मग स्टुलावर बसवून सगळं सरळ सांगितलं. लहानपणी माझं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा घाईत ऑपरेशन झालं होतं. आत सगळं चिकटलेलं असणार, ते सोडवावं लागेल. त्यात गाठी काढल्या की गर्भाशयावर नव्या जखमा होणार. त्या परत आतड्याला, नळ्यांना चिकटल्या तर मूल राहणं अवघड. म्हणजे खरी लढाई गाठींशी नव्हतीच. ऑपरेशननंतर आत मोकळं राहतंय का, यावर माझं आई होणं अवलंबून होतं.

आणि आता गंमत बघा. कागद हातात देणारी मी, आणि मीच टेबलावर. मग कागद देणार कोण? त्या महिन्यात आमच्याकडं एक सिस्टर नव्या आल्या होत्या, करमाडच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. हुशार, शांत. पण त्यांची अख्खी नोकरी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेली. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये बुबुळ सुकू नये म्हणून सारखे पाण्याचे थेंब सोडत राहावे लागतात. वीस वर्षांची सवय! त्यांचा हात आपोआप पिचकारीकडं जायचा. आतडी ओली ठेवायला असा माणूस लाखात एक, मॅडम त्यांच्यावर जाम खूश. पण कागदाच्या वेळी? मी सुट्टी टाकायच्या आधी तीन आठवडे त्यांना वर्ख शिकवला. अंड्यावर वर्ख बसला की त्या सवयीनं वरून दोन थेंब सोडायच्याच. "ताई, नका ना!" मी ओरडायचे. "हात जातोच गं," त्या म्हणायच्या आणि आम्ही दोघी हसून लोटपोट. हसू संपलं की मी पुढचं अंडं सोलायला घ्यायचे.

ऑपरेशनच्या दिवशी मला टेबलावर झोपवलं, तरी माझी मान वळलेली अवजारांच्या ट्रेकडं. "ताई, कोरडा चिमटा उजवीकडं ठेवा."

मॅडम म्हणाल्या, "पेशंट आहेस तू. पेशंटसारखी पड."

"मॅडम, कात्री पुसली का बघा."

"भूलवाल्या, हिला आधी झोपव रे. बाकी सगळं नंतर."

सर हसत हसत म्हणाले, "सिस्टर, आकडे मोजा." मी आकडे सोडून चिमटे मोजले म्हणे. सात चिमट्यांपर्यंत पोहोचले आणि गेले.

संध्याकाळी जाग आली तेव्हा मॅडम कॉटशेजारी स्टुलावर बसलेल्या. टोपीचा वळ कपाळावर तसाच. एरवी त्या पेशंटजवळ उभ्या उभ्याच बोलतात. बसलेल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"गाठी निघाल्या," त्या म्हणाल्या. "तीन नाही, पाच. जुनं चिकटलेलं सगळं सोडवलं. दोन्ही नळ्या मोकळ्या. टाके चांगले झालेत." मग जरा थांबून, "एक कागद मी वाया घालवला."

मला वाटलं भूल उतरायचीय अजून. "कुणी? ताईंनी थेंब सोडले?"

"तिचा हात ठणठणीत कोरडा होता. मी गं. मी घालवला. पुढच्या बाजूला एक कागद बसला, मागं आणि उजवीकडं दुसरा बसला. तिसरा डाव्या कोपऱ्यावर घालायचा होता, नळी निघते तिथं. ग्लोव्ह बदलले, हात कोरडे विचारलं, सगळं केलं. आणि परत एकदा टाक्याला हात लावून बघितला. एकदा बघितला होता, दोनदा बघितला होता. तरी हात गेलाच. तुझं होतं ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझी ताई म्हणाली, मॅडम, हात ओला झाला. तोवर कागद माझ्या बोटाला. तोच शेवटचा होता. डावा कोपरा उघडा राहिलाय. सगळं नीट झालं असं मी तुला सांगणार नाही."

तीस वर्षं लोकांचे हात तपासणारी ही बाई, माझ्या काळजीनं स्वतःचा हात ओला करून बसली! डोळ्यांत पाणी घेऊन माझ्यापुढं एखाद्या शिकाऊ पोरीसारखी कबुली देत होती. मला इतकी माया आली त्यांची, आणि का कोण जाणे, हसूच फुटलं. टाके ओढले गेले, मी कळवळून ओरडले, त्या घाबरून उठल्या, स्टूल पडलं. वॉर्डातल्या बाकीच्या बायका आपापल्या कॉटवर उठून बसल्या.

दुसऱ्या दिवशी पाचोडहून सासूबाई आल्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. मॅडमला "जयभीम" केला आणि लगेच मुद्द्यावर. "मॅडम, सुनंच्या पोटात कागद ठिवला म्हनं?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या.

"लिवलेला का कोरा?"

"कोरा, आजी."

"मंग हरकत नाय."

तरी त्यांना समजावून सांगितल्याशिवाय मॅडमला चैन पडेना. त्या आठवड्यात वॉर्डाच्या दाराला रंग दिला होता, आणि दार चौकटीला चिकटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्र घातलं होतं. सासूबाईंचा हात धरून त्यांना तिथं नेलं, कागद काढून दाखवला, परत घातला. "रंग वाळला की कागदाचं काम संपलं. हा आपण काढतो, पोटातला आपोआप जातो." सासूबाईंनी दाराला बोट लावून बघितलं, बोटाला हिरवा रंग लागला, आणि त्यांची खात्री पटली. पण मग रोजचं सुरू झालं. मी घरी गेल्यावर तर फोनवर. "मॅडम, विरघळला का?" मॅडम कुठल्याही कामात असोत, उत्तर द्यायच्या. "निम्मा गेला, आजी." "उद्या-परवा जाईल, आजी." शेवटी एका दुपारी "गेला सगळा" असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी पाचोडच्या आमच्या गल्लीत गूळ वाटला. कशाबद्दल, ते गल्लीला कळलं नसावं.

मॅडमनी सांगितलं तितके महिने आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी मला दिवस गेले. मी चाचणीची पट्टी घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी राहिले. आतून मॅडमनी काचेतून बघितलं, दोन्ही हात वर धरून, हातांना काही लागू न देता, जागच्या जागी दोन उड्या मारल्या. साठी ओलांडलेली बाई! मावशींनी मला सांगितलं, त्या दिवशी आतड्यांना पण बातमी दिली म्हणे.

आनंद होताच, पण डाव्या कोपऱ्याचा विषय काही त्यांच्या डोक्यातून जाईना. दर तपासणीला प्रश्न ठरलेला, "डावीकडं ओढतंय का?" मी म्हणायचे, नाही. "नीट आठव." नाही हो मॅडम. सोनोग्राफीत ते धड कळत नाही, पोट उघडल्यावरच दिसणार. गाठींच्या जागी गर्भाशयाला टाके होते म्हणून सिझर करायचं आधीच ठरलेलं. मी सगळ्यांना हसत सांगायचे, मला बाळाची ओढ आणि मॅडमला कोपऱ्याची. खरं सांगायचं तर रात्रंदिवस मलाही त्या कोपऱ्याची धास्ती होती. तिथं आतडं घट्ट चिकटलेलं निघालं तर सोडवताना इजा व्हायची भीती. मी अशी ऑपरेशनं डोळ्यांनी बघितलेली.

सिझर सकाळचं. कमरेखाली बधिर, मी जागी. छातीपुढं हिरवा पडदा. डोक्याशी भूलवाले सर, पलीकडं मॅडम, त्यांच्यासमोर करमाडच्या ताई. मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"पोटाची भिंत मोकळी," मॅडम म्हणाल्या.

ताई म्हणाल्या, "छान."

"पुढची बाजू मोकळी. आरशासारखी आहे गं!"

"डावा कोपरा?" मी पडद्याआडून विचारलं.

"बाळ मध्ये आहे ना बाई. ते बाहेर आल्यावर दिसेल."

मग ओढाताण जाणवली, दुखलं नाही. आणि रडणं आलं. असं खणखणीत, असं संतापलेलं रडणं! मी पण रडायला लागले, सरांनी माझे डोळे पुसले. एवढी वर्षं मी मॅडमना बघत होते, बाळ बाहेर आलं की ते न बघताच शेजारच्या डॉक्टरांच्या हातात द्यायचं आणि मान लगेच पोटात घालायची. त्यांना बाळांत कधी रसच नव्हता. मी वाट बघितली. पडद्यापलीकडून काहीच नाही.

"मॅडम, डावा कोपरा?"

उत्तर नाही.

"मॅडम, कोपरा बघा ना!"

"अगं थांब ना जरा," मॅडमचा आवाज भलताच झाला होता. "बघू दे ना मला."

भूलवाल्या सरांनी उठून पडद्यावरून डोकावलं आणि माझ्या कानाशी वाकले. "बाळाकडं बघतायत, सिस्टर. चक्क. दोन्ही हातांत धरून नुसत्या बघतायत."

बाळाच्या डॉक्टरांनी बाळ पुसलं, मला नीट दाखवलं आणि गुंडाळून माझ्या गालाशी दिलं. ऊबदार, ओलसर, नाक फेंदारलेलं. मी त्याच्या कपाळावर ओठ टेकले. तोवर पलीकडं काम सुरू झालं होतं.

"मागं मोकळं," मॅडम म्हणाल्या. "उजवीकडं मोकळं, नळी एकदम सुटी." मग नुसता पिचकारीचा आवाज.

"चिकटलंय ना?" मी विचारलं.

"चिकटलंय."

"किती?"

"बोटभर. पातळ, जाळीसारखं. दोन बोटांनी सुटतंय." आणि एकदम त्या ओरडल्या, "तेवढंच! अरे, जिथं कागद नव्हता नेमकं तेवढंच! कागद संपला तिथून सुरू, पुढं संपलं! या रे, सगळे या, बघून घ्या माझी चूक. कशी आखून दिल्यासारखी दिसतेय!" आणि ती बाई इतकी हसायला लागली, इतकी हसायला लागली की ताई म्हणाल्या, मॅडम, हसू आवरा, टाके घालायचेत. मदतीचा डॉक्टर बघून गेला, बाळाचे डॉक्टर बघून गेले, मावशी दारातून टाचा उंचावून बघत होत्या. माझ्या पोटात अख्खी जत्रा भरलेली, आणि मी पडद्याअलीकडं, गालाशी माझं बाळ, रडतेय का हसतेय मलाच कळत नव्हतं.

कोपरा सुटला. यावेळी कागद पुरून उरले, ताईंनी ते कोरड्या चिमट्यानं एकेक करून दिले, आणि कोपऱ्यावर नीट बसले. शेवटचा टाका झाला तशा मॅडम ग्लोव्ह फेकून, कुणाला काही न बोलता, बाहेर पळाल्या. माझी माणसं दारापाशी ताटकळत होती.

अर्ध्या मिनिटात दार परत उघडलं. टोपी एका कानावर आलेली, चेहरा गोंधळलेला.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझी सासू विचारतेय काय झालं म्हणून. मी सांगितलं, डावीकडं बोटभर चिकटलं होतं, सोडवलं. त्या म्हणतात, ते नाय हो मॅडम, झालं काय?" त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. "काय झालंय गं? एवढा वेळ तोंडाकडंच बघत बसले मी. बाकी काही बघायचंच राहिलं."

"मुलगी झाली, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी दार लावलंच नाही. पूर्ण बोळभर आवाज घुमत गेला, "मुलगी! आजी, मुलगी झालीय! आणि उजवीकडं सगळं मोकळं आहे!"